जुन्या आउटबोर्ड मोटरच्या फ्लायव्हीलची मूठ तुटलीय, नवी कशी बसवावी?

गंजका_खिळा
मंडळी, एक फार जुनी आउटबोर्ड मोटर (बोटीच्या मागच्या कडेला टांगायचं इंजिन) ताब्यात आलीय. एकच सिलेंडर, तोही आडवा, वर उघडं फ्लायव्हील (इंजिनचं जड चाक), आणि दोरी-बिरी काही नाही, फ्लायव्हीलच्या कडेला उभी लाकडी मूठ असते ती धरून चाक गरकन फिरवायचं, तसला प्रकार. नेमप्लेट गायब आहे त्यामुळे कंपनी कोणती ते सांगता येत नाही, पण आटे सगळे इंचातले आहेत आणि एकंदर धाटणी अमेरिकन वाटते. पिस्टन मोकळा आहे, काँप्रेशन बऱ्यापैकी आहे, स्पार्क अशक्त का होईना पण पडतोय.

अडलंय ते मुठीपाशी. लाकूड उभं चिरलंय ते एक वेळ जाऊ दे, पण ज्या लोखंडी दांडीवर मूठ फिरते ती दांडीच फ्लायव्हीलच्या अगदी लगत तुटलीय, वर नख अडकेल एवढंच उरलंय. तुटलेलं तोंड नीट पाहिलं तर अर्ध्याहून जास्त भाग काळपट तपकिरी आणि उरलेला चंद्रकोरीसारखा भाग करडा, दाणेदार. फ्लायव्हील ॲल्युमिनियमचं दिसतंय, खाली मॅग्नेटोचे (स्पार्कसाठी वीज तयार करणाऱ्या भागाचे) चुंबक आहेत. एका वर्कशॉपमध्ये दाखवलं तर तिथला माणूस म्हणाला ठेवून जा, वर नवीन बोल्ट वेल्ड करून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. मी परत घेऊन आलो. बरोबर केलं ना?

लेथवरची_बाई
शंभर टक्के बरोबर केलंत. ॲल्युमिनियमवर लोखंडी बोल्ट वेल्ड होतच नाही मुळात, तो चिकटल्यासारखा दिसेल आणि एक दिवस सुटून कुणाच्या तरी कपाळात जाईल. आत उरलेल्या लोखंडी तुकड्यावर वेल्ड मारायचं म्हणत असेल तर तुकडा तापतो, भोवतीचं ॲल्युमिनियम नरम पडतं, आणि खालच्या चुंबकांची वाट लागते ती वेगळीच.

तुटलेल्या तोंडाचं वर्णन मस्त केलंयत. काळपट भाग म्हणजे जुनी चीर, ती कितीतरी वर्षांपूर्वी पडून हळूहळू आत सरकत होती, त्यात तेल पाणी जाऊन गंजली. करडा भाग म्हणजे शेवटी जेवढं लोखंड धरून होतं आणि एका झटक्यात गेलं ते. मूठ धरून चाक ओढताना दांडीला बाजूने वाक बसतो आणि तो सगळा शेवटच्या आट्याच्या खाचेत येऊन जमा होतो. तशीच्या तशी नवी दांडी केली तर तीही तिथेच तुटणार, त्यामुळे नुसती नक्कल करू नका, पुढे सांगते. आधी फ्लायव्हील उतरवा आणि खालून फोटो टाका.

शून्य_मैल
वा, हे धागे वाचायला आपल्याला फार आवडतं. मुठीचा प्रकार म्हणजे अगदी सुरुवातीचा काळ. ओले इव्हिनरूडने मिलवॉकीत १९०९ मध्ये मोटर विकायला काढली ती अशीच होती, दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड आणि किंमतही ६२ डॉलर. त्याच्याआधी कॅमेरॉन वॉटरमनने १९०५ मध्ये डेट्रॉइट नदीवर स्वतःची मोटर चालवून पाहिली होती. या लोकांपुढे प्रश्न साधा होता, वल्ही मारत बसलेल्या माणसाला इंजिन चालू कसं करू द्यायचं, आणि उत्तर काय तर चाकाला एक खुंटी ठोका.

पण इंजिन चालू झालं की ती खुंटी चाकाबरोबर गरगर फिरत राहते, धडधडीत उघड्यावर, आणि स्पार्कचा लिव्हर (ठिणगी लवकर की उशिरा ते ठरवणारा) तिच्या खाली. म्हणजे लिव्हर हलवायला हात पुढे केला की टण्! तिकडच्या लोकांनी या मोटरींना 'नकल बस्टर' असं नाव पाडलं होतं ते उगीच नाही.

गंजका_खिळा
@लेथवरची_बाई फ्लायव्हील उतरवायला पुलर (चाक ओढून काढायचं साधन) लागेल का? नट काढलाय पण चाक जागचं हलत नाही.

लेथवरची_बाई
शाफ्ट निमुळता असतो आणि त्यात चावी (चाक शाफ्टवर घसरू न देणारा लोखंडी तुकडा) असते, त्यामुळे ते घट्ट बसलेलंच असणार. पुलर मधल्या हबला धरेल असा पाहिजे. कडेला दोन स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होईल, करू नका, ॲल्युमिनियमची कड चेपते आणि चाक डुगडुगतं. नट उलटा फिरवून शाफ्टच्या टोकाबरोबर आणून ठेवा म्हणजे आटे वाचतील, पुलरचा ताण द्या आणि ताण देऊन चहा प्यायला जा. बरेचदा आपण खोलीत नसताना 'टक' करून सुटतं.

हातोडीने ठोकायची पद्धत आहे, माहितीय मला, पण मॅग्नेटोवाल्या चाकावर नको. त्या काळच्या पोलादी चुंबकांना धक्के सोसत नाहीत, ठोकाठोकीने ते अशक्त होतात, आणि तुमचा स्पार्क आधीच अशक्त आहे. उतरवलं की चुंबकाच्या दोन टोकांवर एक मऊ लोखंडी पट्टी आडवी चिकटवून ठेवा.

दोन_वल्ही
तुटका तुकडा काढायला एक जुनी युक्ती आहे, घड्याळवाले वापरतात. तुरटीचं कडक द्रावण करून त्यात गरम ठेवायचं. तुरटी लोखंड खाते, पितळ आणि ॲल्युमिनियमला फारसं काही करत नाही. तुकडा विरघळून जातो, आटे जसेच्या तसे. वेळ लागतो पण ड्रिल-बिलचा धोका नाही.

लेथवरची_बाई
@दोन_वल्ही युक्ती खरी आहे आणि मी पण वापरलीय, पण इथे नाही चालायची. फ्लायव्हीलच्या आत चुंबक आहेत, त्यांचे लोखंडी पोल आहेत, मधला हब पण बहुतेक पोलादाचा. तुरटीला काय कळणार कुठलं लोखंड खायचं आणि कुठलं सोडायचं. पूर्ण चाक बुडवलं तर सगळंच सोलून निघेल. भोकाभोवती मेणाची वाटी करून तेवढ्यात द्रावण ठेवता येतं, पण ते गरम कसं ठेवणार हा प्रश्न.

गंजका_खिळा
सुटलं! आणि खरंच चहा पीत असतानाच. खालून बघितलं तर एक गंमत आहे. दांडी आरपार आलीय आणि खालचं टोक ठोकून पसरवलंय, रिव्हेटसारखं. म्हणजे वरून कितीही फिरवलं असतं तरी ती सुटली नसती.

लेथवरची_बाई
हेच बघायला खालून फोटो मागितला होता. लोक काय करतात, तुकड्यात भोक पाडतात, उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालतात आणि जोर लावतात. खालचं पसरलेलं टोक अडवतं, एक्स्ट्रॅक्टर आत तुटतो, आणि तो इतका कडक असतो की मग साधं ड्रिल त्याला ओरखडा पण काढत नाही.

का ठोकलं असेल तेही ऐका. बहुतेक अशा मोटरी वरून पाहिल्यावर घड्याळाच्या दिशेने फिरतात. मूठ हातात असते तेव्हा ती स्वतःभोवती फिरत नाही, तळहातात तशीच राहते, चाक मात्र खाली फिरतं. चाकाच्या नजरेने पाहिलं तर मूठ उलट्या दिशेने फिरते आणि दांडीला पण घासून उलटीकडेच ओढते. म्हणजे साधे उजवे आटे असतील तर दर वेळी मोटर चालू करताना तुम्ही दांडी थोडी थोडी ढिली करताय. म्हणून खाली टोक पसरवलं. नवीन बसवाल तेव्हा हे कुलूप लागणारच, नुसते आटे कसून भागणार नाही.

आता काम असं. खालचं पसरलेलं टोक ड्रिलने नाहीतर कानशीने घालवा, ॲल्युमिनियमला धक्का लागेपर्यंत नाही, थोडं आधी थांबा. मग वरून तुकड्याच्या बरोब्बर मध्यावर पंच मारा, आणि हे बरोब्बर म्हणजे बरोब्बर, त्यासाठी आधी तोंड कानशीने सपाट करून घ्या कारण तुटलेला भाग तिरका असतो आणि ड्रिल घसरतं. मग उलट्या दिशेने कापणारं, डाव्या हाताचं ड्रिल मिळतं ते वापरा, भोक पाडता पाडताच तुकडा बाहेर यायची शक्यता असते.

पाना_नंबर_सात
उष्णता द्या की ताई. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, भोक मोठं होईल आणि तुकडा ढिला. गॅसची बत्ती फिरवा हलकी.

लेथवरची_बाई
बत्ती नको, चुंबक आहेत हो त्याच्यात. उकळतं पाणी चालेल. चाक तिरकं धरून त्या जागेवर किटलीने धार सोडत राहायचं, शंभर अंशाच्या वर जायचा प्रश्नच नाही. आधी रात्रभर गंजाचं पातळ तेल मुरवा दोन्ही बाजूंनी. आणि पाण्यानंतर चाक लगेच कोरडं करा.

सावकाश_चला
मला एक विचारायचंय, एवढी उठाठेव करून परत तीच बोटं तोडणारी मूठ बसवायची कशाला? वर नटाखाली खाच असलेली कप्पी बसवा, गाठ मारलेली दोरी गुंडाळा आणि ओढा. पुढच्या बऱ्याच मोटरींमध्ये तेच होतं. हात चाकापासून लांब राहतो.

शून्य_मैल
मग ती जुनी मोटर कशाला म्हणायची, नवीनच घ्या की सरळ. मुठीची मोटर मुठीने चालू करायची हीच तर मजा.

सावकाश_चला
मजा ज्याच्या मनगटाला पट्टा लागलाय त्याला विचारा.

लेथवरची_बाई
दोघांचं बरोबर आहे. कप्पी अशी करता येते की मूळ वस्तूला एक पण भोक पाडावं लागत नाही, नंतर काढून ठेवता येते. रोज बोट चालवणार असाल तर कप्पीच बरी. वर्षातून एकदोनदा हौसेने चालू करणार असाल तर मूठ करा, पण मग नीट करा. मुठीवर किती ताण येतो त्याचा अंदाज येण्यासाठी हिशोब सांगते. मूठ आणि दांडी मिळून १०० ग्रॅम धरा, मध्यापासून १० सेंटिमीटर लांब, आणि इंजिन मिनिटाला १००० फेऱ्यांवर. तर ती बाहेर फेकली जायचा जोर येतो साधारण ११ किलो वजनाएवढा. फेऱ्या दुप्पट झाल्या की जोर चौपट. आणि हा जोर इंजिन चालू असेपर्यंत सतत आहे, सुरू करताना तुम्ही देता तो हिसका वेगळा.

त्यामुळे नवीन दांडी बसवायच्या आधी भोकाभोवती चीर आहे का ते बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं. चीर असेल तर तो विषय तिथेच संपला, ते चाक शोकेसमध्ये.

गंजका_खिळा
चीर कशी बघायची? भिंगाने पाहिलं, काही दिसत नाही.

दोन_वल्ही
रॉकेल आणि खडू. भोकाभोवतीची जागा आधी स्वच्छ धुवून वाळवा. रॉकेल लावून मुरू द्या. मग फडक्याने अगदी कोरडं पुसून घ्या आणि खडूची बारीक पूड भुरभुरवा, पातळ पांढरा थर बसला पाहिजे. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल वर येतं आणि खडूवर केसासारखी ओली काळपट रेघ उमटते. भिंगाला न दिसणारी चीर पण दिसते. तयार लाल रंगाचे स्प्रे मिळतात तेही याच तत्त्वावर आहेत, ते जास्त चांगले.

गंजका_खिळा
अपडेट देतो. तुकडा निघाला. तेल मुरवलं, किटली ओतली, डाव्या हाताच्या ड्रिलने अर्ध्यात पोचलो असेन तेवढ्यात तुकडा ड्रिलला धरून गोल फिरत वर आला, खाली ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी लागलेली. खडूचा प्रयोग दोनदा केला, रेघ नाही. भोकातले वरचे दोन आटे मात्र गेलेत, खालचे चांगले आहेत. आता आटे कुठले ते कळत नाही. व्यास ३/८ इंच, आणि गेजवर इंचाला १६ आटे बसतात.

पाना_नंबर_सात
३/८ ला १६ म्हणजे व्हिटवर्थ, जुने ब्रिटिश आटे. माझ्याकडे टॅप (आटे पाडायचं हत्यार) आहे.

लेथवरची_बाई
थांबा थांबा. ३/८ ला व्हिटवर्थ पण १६ आणि अमेरिकन जाडे आटे पण १६, इथेच तर फसगत होते. व्हिटवर्थचा कोन ५५ अंश, वरखाली गोल. अमेरिकन जुना सेलर्सचा ६० अंश, सपाट. १९४९ मध्ये युनिफाइड आले तेव्हाही ३/८ ला १६ तेच राहिले, त्यामुळे आजचा यूएनसी (युनिफाइडचे जाडे आटे) टॅप त्या मोटरीला चालतो. व्हिटवर्थचा टॅप त्यात जाईल पण खालचे चांगले आटे खरवडत जाईल. (अर्धा इंच असता तर लगेच कळलं असतं, तिथे व्हिटवर्थ १२ आणि अमेरिकन १३.) निघालेल्या तुकड्यावर गेज लावून उजेडात धरा, ६० चा बसला तर मधून उजेड येणार नाही.

गंजका_खिळा
६० चा बसला, उजेड नाही. वरचे दोन आटे गेलेत त्यासाठी आत स्प्रिंगसारखी वायरची आट्याची गुंडाळी बसवू का?

लेथवरची_बाई
भोकाच्या कडेला बाहेरच्या बाजूने किती धातू आहे? गुंडाळी बसवायला भोक अजून मोठं करावं लागतं.

गंजका_खिळा
तीन सुतापेक्षा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) थोडं कमी.

लेथवरची_बाई
मग नको. खालचे आटे चांगले आहेत तर त्यांच्यावरच काम भागवा. वरची दोन आट्यांची जागा साफ गोल रीम करून (गुळगुळीत कापून) घ्या आणि दांडीला तिथे आटे न पाडता गुळगुळीत गोल भाग ठेवा, जो त्या जागेत घट्ट बसेल. वर रुंद कॉलर करा, पाऊण इंच व्यासाची, जी चाकावर सपाट टेकेल. म्हणजे वाक जो येतो तो कॉलर आणि गुळगुळीत भाग घेतील, आट्यांच्या खाचेत तो पोचणारच नाही. मी वर म्हणाले होते ना नक्कल करू नका, ते हेच. कॉलरच्या खालचा कोपरा टोकदार ठेवू नका, बारीक गोलाई द्या, आणि भोकाच्या तोंडाला तेवढीच किंचित चँफर (तिरका काप) मारा नाहीतर कॉलर टेकणार नाही.

धातू साधं माइल्ड स्टील. स्टेनलेस सुचवणारे येतील आता, पण ओलाव्यात ॲल्युमिनियमशी त्याचं अजिबात जमत नाही आणि खालचं टोक ठोकून पसरवायला ते वाईट. आट्यांना थ्रेडलॉकर (आटे ढिले होऊ न देणारा चिकट द्रव) लावा, खाली वायसर घालून टोक हलकं पसरवा. टोक खाली किती येतंय ते आधी मोजा, खाली मॅग्नेटोची कॉइल आहे, तिला ते घासता कामा नये.

सावकाश_चला
आणि बॅलन्स? नवीन दांडी जाड केली, वजन वाढलं.

लेथवरची_बाई
चांगला मुद्दा. जुने सगळे तुकडे, लाकूड पण, एकत्र वजन करून ठेवा आणि नवीन तेवढ्याच वजनाची करा, लाकडातून कमी-जास्त करता येतं. चाक दोन धारदार कडांवर तोलून सगळीकडून सारखं करायच्या भानगडीत पडू नका. एकसिलेंडरी इंजिनांत कधी कधी पिस्टनला तोलायला फ्लायव्हील मुद्दाम एका बाजूला जड ठेवलेलं असतं, ते तुम्ही 'दुरुस्त' केलंत तर बोट हादरायला लागेल.

करवत_आणि_रंधा
लाकडाचं मी सांगतो, बाकीच्यात मला गती नाही. घट्ट दाण्याचं घ्या, मेपल, बीच, शिसव, काहीही, पण दाणा उभा म्हणजे दांडीच्या दिशेने ठेवा. आधी भोक पाडा, मग त्याच भोकावर धरून बाहेरचा आकार काढा, उलटं केलंत तर भोक तिरकं जाईल आणि मूठ फिरताना लटलटेल. भोकात पितळी बुश घाला. लाकूड ओलाव्याने फुगतं आणि थेट दांडीवर असेल तर आवळून बसतं, मूठ फिरायची बंद झाली की चाक हात पिरगाळतं. बुश आणि दांडीत थोडी मोकळीक ठेवा, वर आणि खाली पितळी वायसर. पॉलिश नको, घामाने हात सटकतो. जवसाचं तेल चोळा, पुसा, वाळू द्या, परत चोळा.

आकार पेरूसारखा, वर जाड खाली बारीक असा करू नका. दिसायला छान पण बोटं त्याच्याखाली अडकतात. सरळ, किंचित फुगीर, आणि वरचं टोक गोल, म्हणजे सोडताना हात वर निसटतो.

गंजका_खिळा
बसवली! दांडी घट्ट, मूठ बोटाने टिचकी मारली तरी फिरते, वजन जुन्यापेक्षा किंचित कमीच. कॉइलला भरपूर अंतर आहे. चालू करायच्या आधी काही सांगायचंय का कुणाला?

शून्य_मैल
बोटं मोजून ठेवा.

लेथवरची_बाई
मोटर पाण्याच्या पिंपात नीट बांधलेली असू द्या, हाताने धरून नाही. स्पार्कचा लिव्हर पूर्ण मागे, म्हणजे उशिरा ठिणगी. लवकर ठिणगी पडली तर पिस्टन वर पोचायच्या आधीच स्फोट होतो, चाक उलटं येतं आणि सगळा मार मुठीतून मनगटाला. टू-स्ट्रोक आहे, ती उलटी पण आनंदाने चालत राहते, घाबरून जाऊ नका, स्पार्क तोडा. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, मुठीभोवती वळसा घालू नका. काँप्रेशन लागेपर्यंत सावकाश आणा, थोडं मागे झुलवा, आणि मग एकच झटका काँप्रेशनमधून पार, हात लगेच वर. पूर्ण गोल फेरी हाताने मारायची नाही. बाही गुंडाळा, गळ्यात काही नको. पहिल्यांदा चालवताना कुणालाही चाकाच्या रेषेत उभं करू नका, काही निसटलं तर ते आडवं बाहेर जातं.

पेट्रोलमध्ये तेल १६ ला १. आजच्या मोटरींचं ५० ला १ त्यातल्या पितळी बेअरिंगांना पुरणार नाही.

गंजका_खिळा
चालली! पहिल्या झटक्यांना नुसती फुसफुसली, मग सिलेंडरमध्ये पेट्रोल सोडायच्या वरच्या कपात थोडं पेट्रोल टाकलं आणि एकदम पकडली. धूर एवढा की शेजारून विचारणा झाली. मूठ फिरताना दिसतच नाही, नुसती तपकिरी धुरकट रिंग दिसते चाकावर, लिव्हरला हात लावायची हिंमत होईना, मग लाकडी पट्टीने ढकलला. थांबवून तपासलं, कॉलरखाली कागद पण जात नाही.

सावकाश_चला
अभिनंदन. लाकडी पट्टी बेस्ट. मी तरी कप्पीच लावली असती.

दोन_वल्ही
माझ्याकडच्या मोटरची पण दांडी डुगडुगतेय, तुमच्या दांडीची मापं टाकता का?

गंजका_खिळा
टाकतो. खालचा आट्यांचा भाग ३/८ इंच १६ आटे, त्याच्यावर दोन आट्यांच्या उंचीएवढा गुळगुळीत, मग कॉलर पाऊण इंच व्यास आणि दीड सूत जाड, वर मुठीसाठी अर्धा इंच व्यासाची दांडी, टोकाला स्क्रू आणि वायसर. उंची तुमच्या मुठीवर ठरवा. पण तुमचं चाक बिडाचं असेल तर आधी खडू करा, आणि टोक ठोकताना खाली जड लोखंडाचा टेकू द्या, बीड पसरत नाही, तडकतं.

दोन_वल्ही
बिडाचंच आहे. आज रात्री रॉकेल लावतो.